आतून मोजायचं, बाहेरून घडवायचं

लाकडाची वस्तू घडवताना आपण सहसा बाहेरचाच विचार करतो. पाटाचा पाय असो की बाहुली, आकार वरती दिसतो आणि आत नुसतं लाकूड असतं. तंबाखूच्या पाइपचं तसं नाही. नवशिक्याला जो ठोकळा मिळतो त्यात दोन भोकं आधीच पाडलेली असतात. उभं भोक तंबाखू भरायचं, साधारण २० मिलिमीटर रुंद. आडवं भोक धूर ओढायचं, ४ मिलिमीटरच्या आसपास. वाटीच्या अगदी तळाशी ती एकमेकांना मिळतात. वस्तूचं काम तिथेच ठरून गेलेलं असतं. भोवतीचं लाकूड किती ठेवायचं आणि किती काढायचं, एवढंच आपल्याकडे उरतं. या बांधलेपणामुळेच हे काम शिकायला मला इतकं चांगलं वाटतं.

लाकूड ब्रायरचं. इटलीतला कॅलाब्रिया, कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया, असं भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. खोड आणि मुळं जिथे जुळतात तिथे, मातीच्या आत, त्याची एक गाठ वर्षानुवर्षं फुगत जाते. तिकडची रानं उन्हाळ्यात पेटतात. वरचं झुडूप जळून जातं आणि या गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. आगीशी इतका जुना परिचय असलेल्या लाकडाच्या पोटात माणसाने निखारा ठेवला, ही निवड मला विलक्षण वाटते. पाइपच्या कामाला येणाऱ्या गाठी अनेक दशकं वाढलेल्या असतात. त्या कापून तासन् तास पाण्यात उकळतात, म्हणजे आतला रस आणि तुरट अंश निघून जातो. मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, सावकाश वाळवतात. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावात लाकूड कातणारे कारागीर पूर्वीपासूनच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या हाती ब्रायर आलं आणि गाव पाइपचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

आता हातातल्या ठोकळ्याकडे येऊ. बाजूने दिसणारा आकार कागदावर काढून ठोकळ्यावर चिकटवायचा आणि रेघेबाहेरचं लाकूड करवतीने उडवायचं. उरतो तो चौकोनी पाइप. त्याला एकदम गोल करायला जाऊ नये. जाड दात्यांच्या कानशीने चार कडा सारख्या उतरवल्या की आठ बाजू होतात, त्या आठांच्या कडा उतरवल्या की सोळा. प्रत्येक टप्प्यावर समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का, हे डोळ्याला सहज दिसतं, कारण सपाट बाजूंची रुंदी ताडता येते. गोलाईत चूक लपते, सपाटीत लपत नाही. सोळा बाजू जुळल्या की गोल आकार जवळजवळ आपोआप येतो.

मोजणी मात्र आतून चालते. वाटीच्या भोकात एक बोट आणि बाहेर अंगठा ठेवून फिरवत राहायचं. भाकरीची कड जशी बोटांना कळते तशी भिंतीची जाडी हळूहळू कळू लागते. शंका आली की कॅलिपर लावावा. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली मी भिंत जाऊ देत नाही, कारण पातळ भिंत तापते, हाताला चटका देते आणि पुढे जळूही शकते. तळाला तर याहून जास्त लाकूड ठेवतो. गाठ मातीत वाढलेली असल्याने कानस चालवताना मध्येच बारीक खाच उघडी पडते. आकार थोडा आत घेतला तर ती निघून जाते. पण किती आत घ्यायचं, हे आतली पोकळी सांगते. हौसेला तिथे थांबावं लागतं.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे वाटी आणि दांडी यांचा सांधा. तिथे गोल कानस लागते आणि घाई चालत नाही. दांडीपुढची तोंडात धरायची नळी बहुधा इबोनाइटची असते. गंधकाने कडक केलेलं हे रबर घासताना गंधकाचा वास येतो. नळी बसवलेली ठेवूनच दांडी घासायची. काढून घासली तर दोन्हींच्या कडा वेगवेगळ्या झिजतात आणि जोडावर खोबण दिसते. अंगावरचे खळगे शोधायचे तर साधी शिसपेन्सिल पुरते. लाकूडभर रेघोट्या मारून वरून पॉलिश पेपर फिरवावा. उंचवट्यावरचं शिसं निघून जातं, खळग्यात ते राहतं. पेपर १२० नंबरचा, मग २२०, ४००, ६००. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नये, कारण रंग चढला की तेच ओरखडे आधी दिसतात.

मधूनमधून मी स्पिरिटचा बोळा फिरवतो. लाकूड ओलं होताच रेषा उजळून येतात. एका बाजूला उभ्या, दाट, जवळजवळ समांतर, आणि त्याच रेषा जिथे आडव्या कापल्या गेल्या तिथे पक्ष्यांच्या डोळ्यांसारखे ठिपके. स्पिरिट उडून गेलं की सगळं पुन्हा फिकट. त्या थोड्या वेळात लाकडाचा कल समजून घ्यायचा असतो. रंगालाही हाच कल उपयोगी पडतो. आधी काळा रंग चढवून तो घासून काढला तर जिथे लाकडाने जास्त शोषला तिथे तो राहतो. वर तपकिरी दिला की नक्षी खोल दिसते. शेवटी कार्नोबा मेण. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांचं हे मेण वितळायला ८० अंशांहून जास्त उष्णता लागते. मधमाश्यांचं मेण त्याआधीच पाघळतं.

मी तंबाखू ओढत नाही आणि तिच्या अपायाबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही पाइप ओढता येईल असाच घडवतो. नळीतून घातलेली साफ करायची तार कुठेही न अडखळता वाटीच्या तळाशी निघाली पाहिजे. रिकामा पाइप ओढून पाहिला तर हवा शिट्टी न वाजवता आली पाहिजे. हे दोन्ही जमलं नाही तर वरची चकाकी खोटी ठरते. वस्तू वापरली जावो न जावो, तिच्या कामाशी प्रामाणिक राहणं हे कारागिराचं कर्तव्य आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यात कोपनहेगनमध्ये सिक्स्टन इवारसन यांनी हा क्रमच उलटा केला. आधी लाकडाच्या रेषा वाचायच्या, त्यांच्या कलाने आकार घडवायचा आणि भोकं त्यानंतर पाडायची. डॅनिश पाइपची मोकळी, वाहती वळणं त्यातून आली. पण बाहेरून आकार घडवताना आतली वाट मनात अचूक दिसत असेल, तरच हे साधतं. आधी भोक पाडलेल्या ठोकळ्यांवर बोट आणि अंगठा फिरवत राहण्याचा अर्थ मला इथे उमगतो. जाडी बोटांत भिनली, की न दिसणारं भोकही बोटांना कळू लागतं. पुढचा ठोकळा मी भोक न पाडलेला घेणार आहे. आधी त्याच्या रेषा बघेन, मग वाट कुठून जाईल ते ठरवेन.