बिनपासपोर्टाची बोट

आमच्या लहानपणी मुंबईहून गावी यायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावर तिकीट काढायचे, डेकवर वळकटी पसरून जागा अडवायची आणि बोट लागू नये म्हणून देवगडपर्यंत लिंबू हुंगत पडून राहायचे. आपण कोण, कुठले, हे विचारणारा सरकारी माणूस तिथे नसे. विचारलेच तर शेजारच्या वळकटीवरची म्हातारी विचारी, आणि तिला कागद नको असे. आजोळचे नाव सांगितले की तिची खात्री पटे.

पुढे तालुक्याच्या हायस्कुलात बत्तीस वर्षे लेखनिक म्हणून काढल्यावर मात्र कागदावाचून माणूस असू शकतो यावरचा माझा विश्वास उडाला. मुलाला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारावी, तर तो म्हणे, "मोठा पाऊस झाला त्या साली." मग हेडमास्तर रजिस्टरात एक जून घालीत. माझी स्वतःचीही तारीख अशीच, एक जून. आमच्या पिढीतले निम्मे कोकण त्या दिवशी जन्मले असावे.

असो. सांगायचे आहे ते निराळेच. २०२३ च्या मे महिन्यात सौ. आणि मी ह्यूस्टनला चिरंजीवांकडे होतो. त्यांनी आमच्यासाठी मेक्सिकोपर्यंतची पाच रात्रींची क्रूझ ठरवून ठेवली होती. जाण्याआधी आठवडाभर मी सहज विचारले, "तुझा पासपोर्ट कुठे आहे?" तो म्हणाला, "नूतनीकरणाला पाठवलाय, अण्णा. अजून आला नाही." जुना पासपोर्टही अर्जासोबत पोस्टाने धाडावा लागतो, म्हणजे जुनाही हातात नाही आणि नवाही नाही. त्या वर्षी तिकडे पासपोर्टांच्या अर्जांचा ढीग पडला होता आणि महिनेच्या महिने लागत होते.

"मग पैसे बुडाले म्हणायचे!"

"नाही. ह्या बोटीला पासपोर्ट लागत नाही."

मला ती थट्टा वाटली. परंतु गोष्ट खरी होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने आपली दारे आवळायला घेतली. विमानाने येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही २००७ च्या जानेवारीपासून पासपोर्ट सक्तीचा झाला, आणि समुद्राने व जमिनीने येणाऱ्यांसाठी नवे नियम आले १ जून २००९ रोजी. (पुन्हा एक जून! तिथेही कोणी हेडमास्तर बसला असावा.) पण त्यात एक फट राहिली. अमेरिकेच्या ज्या बंदरातून बोट निघते त्याच बंदरात ती परत येणार असेल, आणि मध्ये मेक्सिको, बहामा, बर्म्युडा असे जवळचेच किनारे लागणार असतील, तर अमेरिकन नागरिकाला सरकारी फोटो-ओळखपत्र आणि नागरिकत्वाचा पुरावा एवढ्यावर परत आत येता येते. सोळा वर्षांखालच्या मुलांना तर नुसता जन्मदाखला पुरतो. ही सवलत अमेरिकेने दिलेली आहे, वाटेतल्या बेटांनी नव्हे. मार्टिनीक, ग्वादेलूपसारख्या फ्रेंच बेटांवर जाणाऱ्या बोटीला पासपोर्ट काढूनच निघावे लागते. मेक्सिको मात्र ह्या बोटींच्या उतारूंना अडवीत नाही.

आम्हां दोघांना अर्थातच ही सवलत नव्हती. आम्ही परदेशी. आम्हांला भारताचा पासपोर्ट आणि त्यातला अनेक वेळा ये-जा करता येणारा अमेरिकेचा व्हिसा, दोन्ही हवेत. म्हणजे गंमत पहा, पासपोर्ट होता तो आम्हां म्हाताऱ्यांकडे आणि सूनबाईंकडे. आणि घरचा कर्ता पुरुष व त्याची नऊ वर्षांची कन्या बिनपासपोर्टाची!

निघायच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. असल्या कामात मी पुढे. सूनबाईंनी नातीचा म्हणून जो दाखला आणला तो भारी देखणा होता. इस्पितळाचे चित्र, खाली बाळाच्या पावलांचे शाईचे ठसे. मी तो बाजूला सारला. "हे आठवण म्हणून ठेव. सरकारी कुठाय?" इस्पितळाचा दाखला चालत नाही, राज्याच्या नोंदणी खात्याचाच लागतो, हे मला नियम न वाचताही कळले. बत्तीस वर्षे फुकट गेली नाहीत.

मग चिरंजीवांनी एका जाड पाकिटातून आपला कागद काढला. नागरिकत्व दिल्याचे प्रमाणपत्र. एका बाजूला त्याचा फोटो, शेजारी त्याची सही. विनापरवाना ह्याची नक्कल करणे हा गुन्हा आहे, अशी तंबीही छापलेली. मी सवयीने रकाने वाचीत गेलो. जन्मतारीख बरोबर. उंची बरोबर. विवाहित, बरोबर. पुढचा रकाना होता, पूर्वीच्या राष्ट्रीयत्वाचा देश. त्यात लिहिले होते, इंडिया.

तारीख २०१४ सालची होती.

वाचकहो, मला हे ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे होईल. तो येई तेव्हा कुठल्याशा वेगळ्या कार्डावर येई, हे मी पाहिले होते. मी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते. पण 'पूर्वीच्या' हा शब्द रकान्यात छापलेला पाहणे निराळे. आपल्या घटनेत दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. आणि गावी आमच्या शिधापत्रिकेवर त्याचे नाव अजून तिसरे आहे! मतदारयादीचा माणूस दारी आला की मी दर वेळी सांगत असे, "राहू दे नाव. नोकरीनिमित्त बाहेर आहे, येईल."

मी सौ.कडे पाहिले. ती नातीचे कपडे घडी करीत होती. "मला सांगितलं होतं त्याने तेव्हाच," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत."

दुसऱ्या दिवशी तासाभराची मोटार करून गॅल्व्हेस्टनला पोचलो. हे बंदर म्हणजे वाळूचे एक लांबोडके बेट. १९०० सालच्या सप्टेंबरात इथे वादळ होऊन हजारो माणसे एका रात्रीत गेली; अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक संकटाने इतके बळी कधी घेतले नाहीत. नंतर लोकांनी समुद्राला भिंत घातली आणि गावच्या गाव उचलून जमिनीची पातळी वाढवली. ह्याच धक्क्यावर एके काळी युरोपातून बोटी भरभरून माणसे उतरत. १९०७ ते १९१४ ह्या काळात रशियातल्या छळाला कंटाळलेले सुमारे दहा हजार ज्यू इथे उतरले. त्यांच्याही मागे कोणाचे म्हातारे राहिले असतील, हे आधी कधी मनात आले नसते.

खिडकीवरच्या बाईने चिरंजीवांचा वाहन-परवाना आणि ते प्रमाणपत्र पाहिले, नातीचा दाखला पाहिला, आणि दोन मिनिटांत सोडले. आमचे पासपोर्ट मात्र पाने उलटून, व्हिसावर बोट ठेवून, नीट वाचले. शेवटी आम्हीही सुटलो.

बोटीचे वर्णन काय करू! चौदा मजले, पोहण्याचे तलाव, आणि आमच्या शाळेचे गॅदरिंग तीनदा मावेल असे नाट्यगृह. जेवणाची चंगळ इतकी की सौ.ने दुसऱ्या दिवशी डाळभाताची आठवण काढून डोळे पुसले. आमची खोली झाडणारा मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. मालवणी ऐकताच त्याने झाडू ठेवला आणि पहिला प्रश्न केला तो आमच्या गावाचा. पाठीमागे बोटीच्या नावाखाली 'नासाव' लिहिलेले पाहून मी त्याला विचारले. तो हसला. "काका, बोट अमेरिकेची न्हय. तिचो बावटो बहामाचो." म्हणजे बोटही परदेशीच. परक्या बावट्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतारू नेऊ नयेत, असा त्यांचा १८८६ चा कायदा आहे. म्हणूनच ह्या बोटी परदेशी किनाऱ्याला शिवून निघाल्या ठिकाणी परत येतात, आणि त्या फेऱ्यातच आमच्या चिरंजीवांची बिनपासपोर्टाची सोय झाली होती.

तिसऱ्या दिवशी कोझुमेल लागले. निळे पाणी, पांढरी वाळू, आणि बेटाच्या मध्यावर सान हेर्वासिओचे माया लोकांचे भग्न देऊळ. इश्चेल नावाच्या देवीच्या दर्शनाला मुख्य भूमीवरून बायका होड्यांतून इथे येत, विशेषतः मूल व्हावे म्हणून. सौ.ने चपला काढून नमस्कार केला. परतताना टॅक्सीचा टायर बसला. रस्ता सुना, वर ऊन, आणि बोट सुटायला दीड तास. चिरंजीव घड्याळाकडे पाहून पांढरे पडले. सारी मख्खी इथे होती! बोट चुकली तर आम्ही पासपोर्टवाले विमानाने परत जाऊ शकत होतो. तो आणि नात नव्हे. विमानाला तो कागद चालत नाही. आधी वकिलातीतून तातडीचा पासपोर्ट मिळवायला हवा, तोवर इथेच.

"तुम्ही तिघं जा दुसऱ्या गाडीने," तो म्हणाला. "मी हिला घेऊन मागून येतो."

"काही नको," मी म्हणालो. "सगळे एकत्र राहू."

झाडाच्या सावलीत आम्ही दोघे उभे होतो. तो ड्रायव्हरच्या पान्याकडे पाहत म्हणाला, "अण्णा, दोनदा फोन लावला होता त्या दिवशी. तुम्ही उचललात तेव्हा पाऊस कसा आहे विचारलं, आणि ठेवला."

मला तो फोन आठवला. पाऊस कसा होता ते मी त्याला बराच वेळ सांगितले होते.

टायर बदलला. बोटीची शिडी उचलायला वीस मिनिटे असताना आम्ही पोचलो.

गॅल्व्हेस्टनला उतरताना अधिकाऱ्याने चिरंजीवांचा कागद पाहिला, नातीकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणाला, "वेलकम होम." मला विचारले, "किती दिवस राहणार?" मी म्हणालो, "जुलैपर्यंत."

गावी आल्यावर निवडणूक शाखेतून नमुना क्रमांक ७ आणला. नाव वगळण्यासाठी असतो तो. कारणांत मृत्यू आहे, स्थलांतर आहे, आणि भारताचा नागरिक नसणे हेही आहे. अर्ज मी आधी पेन्सिलीने भरला, मग शाईने. शिधापत्रिकेचे काम दिवाळीनंतर करू, असे सौ. म्हणते.