‘सध्या काय करता?’

‘काय करायलास?’ हा प्रश्न आमच्या भागात कोणी उत्तराच्या अपेक्षेने विचारीत नाही. वाटेत भेटलेल्या माणसाला ओळख दाखविण्याची ती एक रीत आहे. विचारणारा पुढे निघून जातो आणि ज्याला विचारले तोही ‘हे काय, चाललंय’ एवढे म्हणून मोकळा होतो. परंतु हाच प्रश्न सरकार विचारू लागले, उत्तर कागदावर मागू लागले आणि त्याखाली सही घेऊ लागले, म्हणजे त्याचे रूप किती पालटते, ते गेल्या दोन-तीन वर्षांत आम्ही आमच्या घरातच पाहिले.

आमचे उचगाव म्हणजे बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याच्या बाजूचे, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरचे, मळेकरणी देवीचे गाव. दरवर्षी मराठी साहित्यसंमेलन भरविणारे गाव म्हणूनही काही वाचकांस ते ठाऊक असेल. भात, ऊस, बटाटा आणि रताळी ही येथली पिके. पश्चिमेस थोडे पुढे गेले की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र, लागतो. तरुण मंडळींपैकी काही बेळगावच्या उद्यमबागेत कामास जातात, काही हद्दीपलीकडे शिनोळीच्या कारखान्यांत. उरलेली शिकतात, आणि शिकून झाल्यावर वाट पाहतात.

अशा वाट पाहणाऱ्यांसाठी कर्नाटक शासनाने ‘युवनिधी’ नावाची योजना आणली. तिची नोंदणी २६ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि पहिले पैसे १२ जानेवारी २०२४ रोजी, विवेकानंद जयंतीस, शिवमोग्ग्याच्या समारंभात देण्यात आले. पदवीधरास महिन्याला ३,००० रुपये, पदविकाधारकास १,५०० रुपये, आणि तेही फार तर दोन वर्षे किंवा नोकरी लागेपर्यंत. अट अशी की, उत्तीर्ण झाल्यापासून १८० दिवस लोटले असावेत आणि तेवढ्या दिवसांत नोकरी लागलेली नसावी. पुढे शिकत असणारा यात बसत नाही, आणि विद्यावेतन घेऊन उमेदवारी करणाराही बसत नाही. आमची पुतणी २०२३ साली पदवीधर झाली होती. सहा महिने घरी बसणे ही पात्रता ठरण्याची तिच्या आयुष्यातील ती पहिलीच वेळ!

घरात पहिला अडसर आला तो आमच्या बंधूंचा. ‘माझी पोरगी बेकार आहे असे मी लिहून देणार नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही म्हणालो, ‘अरे, अतिवृष्टीने भात गेले तेव्हा नुकसानभरपाईचा अर्ज तूच भरलास ना?’ त्यावर ते म्हणाले, ‘दादा, पाऊस जास्त झाला ती देवाची करणी. पोरीला नोकरी नाही ही आमची नामुष्की. दोन्ही एक काय?’ या उत्तरास आमच्यापाशी तत्काळ तोड नव्हती. वहिनींनी मात्र आतून आवाज दिला, ‘लिहून ती देणार आहे, तुम्ही नव्हे. आणि बसभाड्याला पैसे मागते तेव्हा नामुष्की कुठे जाते?’ प्रश्न तेथेच निकालात निघाला. तथापि बंधू तिच्याबरोबर गेले नाहीत. पुढची सगळी खेटी आम्हीच घातली.

खेटी म्हणजे खरोखरीच खेटी. अर्ज भरावयाचा तो ‘सेवासिंधू’वर. ते घरबसल्या होते असे म्हणतात, पण आमच्यासारख्यांसाठी ‘ग्रामवन’ केंद्र बरे. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, पदवीचे प्रमाणपत्र, शिधापत्रिका, आणि आधारशी जोडलेले बँकेचे खाते. यांतले प्रत्येक तिच्यापाशी होते. प्रत्येकावर तिचे नावही होते. परंतु एकावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने, दुसऱ्यावर आडनाव आधी, आणि तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. मराठीत उच्चारलेले नाव कन्नडमध्ये लिहिले जाते, तेथून इंग्रजीत उतरते, आणि या प्रवासात एखादी वेलांटी गळते तर एखादा ‘ए’ जास्तीचा येतो. सीमाभागातील कोणत्याही मराठी घरात हे दुखणे नवीन नाही. जमिनीच्या उताऱ्यापासून मतदारयादीपर्यंत आम्ही ते भोगतो. एकाच मुलीची तीन नावे ही तिघी जणी नसून एकच आहे, हे सिद्ध करण्यात पंधरा दिवस गेले. शेजारच्या एका मुलाची अडचण निराळी. त्याची पदवी त्याच्या हाती होती, पण महाविद्यालयाकडून ती शासनाच्या संगणकीय भांडारात चढविली गेली नव्हती, म्हणून यंत्राच्या लेखी तो पदवीधरच नव्हता. नोकरी नसल्याचा पुरावा द्यावयास निघालेल्या त्या बिचाऱ्याला आधी शिक्षण असल्याचा पुरावा शोधावा लागला.

आमच्या तरुणपणी ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ होते. नाव नोंदवायचे, कार्ड मिळायचे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची. नूतनीकरण चुकले तर ज्येष्ठता गेली, म्हणून माणसे ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवीत. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळविणे बंधनकारक केले होते. पण त्या जागांवर नोंदणीतलीच माणसे घ्यावीत असे बंधन त्या कायद्यात नव्हते, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरा कळली. तरीही त्या कार्डावर एक आब होती. त्याचा अर्थ असे ‘कामाचा इच्छुक’. आताच्या अर्जाने मागितलेले विधान ‘मला काम नाही’ असे आहे. शब्दांचाच फरक म्हणाल तर तेवढाच; पण वीस-बावीस वर्षांच्या मुलीला दोन्ही विधानांखाली सारख्याच हाताने सही करता येत नाही, हे आम्ही पाहिले.

मूळ कागद तपासण्यासाठी शहरातल्या एका कार्यालयात बोलावणे आले. बाकावर चाळीसएक मुलेमुली, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. कोणी कोणाशी बोलत नव्हते. परीक्षेच्या दालनाबाहेर असते तशी भीती नव्हती. एकमेकांस ओळख न देण्याची एक धडपड तेवढी होती. आदल्या रात्री घरी एका प्रश्नावर बराच खल झाला होता. पुतणी गल्लीतल्या चार पोरांची शिकवणी घेत असे आणि प्रत्येकाकडून महिन्याला दोनशे रुपये येत. हे सांगावे की नाही? वहिनी म्हणाल्या, विचारले नाही तर सांगू नये. बंधू म्हणाले, ज्यात लपवावे लागते ते नकोच. आजी म्हणाल्या, आठशे रुपयांत काय पोट भरते काय? पोरगी सगळ्यांचे ऐकून झोपायला गेली.

टेबलामागच्या गृहस्थांनी कागद उलटले, आणि मान वर न करता विचारले, ‘ईग एन माडतीरी?’ म्हणजे, सध्या काय करता? तिने कन्नडमध्येच उत्तर दिले की घरी असते. मग क्षणभर थांबून म्हणाली, भाताच्या रोपलावणीला शेतात जाते, रताळी काढायला जाते, आणि चार मुलांना शिकवते. त्याचे आठशे रुपये मिळतात. आम्ही मागच्या बाकावर होतो. आमचा श्वास जरा अडकलाच. गृहस्थांनी आता मान वर केली. शेत कोणाचे? वडिलांचे. मजुरी मिळते? नाही. शिकवणीसाठी सरकारी योजनेतून कर्ज काढले आहे? नाही. कोठे पावती देता? नाही. ते थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, ‘घरच्या शेतीला नोकरी म्हणत नाहीत. शिकवणी राहू द्या.’ त्यांनी रकाना कोराच ठेवला आणि पुढचे नाव पुकारले.

बाहेर आल्यावर आम्ही म्हणालो, ‘झाले, सुटलीस.’ ती म्हणाली, ‘काका, मी वर्षभर एवढं राबले ते सगळं त्या रकान्यात शून्यच की.’ तिची तक्रार त्या गृहस्थांबद्दल नव्हती, आमचीही नाही. ते भल्या मनाने वागले. पण नियम ज्याने लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे माणूस एक तर नोकरीत असतो किंवा नसतो. आमच्या गावात अशी माणसे मोजकीच. बाकीची सगळी मधल्या वाफ्यात उभी असतात: हंगामात कामाखाली दबलेली, हंगाम सरला की रिकामी, आणि दोन्ही वेळी हातात रोकड नसलेली.

हा पेच काही आमच्या राज्याने निर्माण केला असे नव्हे. ब्रिटनने १९११ साली बेकारीचा विमा कायद्याने सुरू केला, तो मोजक्या धंद्यांपुरता. पुढे १९२१ पासून तेथे अशी अट आली की, भत्ता मागणाऱ्याने आपण मनापासून काम शोधीत आहोत हे सिद्ध करावे. जेथे कामच नाही तेथे ते शोधल्याचा पुरावा काय दाखवायचा? कामगार एका गिरणीच्या दारातून दुसऱ्या गिरणीच्या दारात, नकार मिळणार हे ठाऊक असून, केवळ गेल्याचे सांगता यावे म्हणून पायपीट करीत. १९३० साली ती अट निघाली आणि १९३१ मध्ये घरातील सर्वांची मिळकत मोजणारी दुसरी आली. मुलगा कमावतो म्हणून बापाचा भत्ता कापला जाऊ लागला. आमच्या गावात हा नियम आला असता तर निम्मी घरे कागदोपत्री विभक्त झाली असती!

ज्यांनी नोकरी करून ती गमावली त्यांची वाट वेगळी आहे, आणि तिच्याविषयी वाचकांस थोडे सांगितले पाहिजे, कारण ती फारच थोड्यांस ठाऊक असते. राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, पैसा ज्यांच्या पगारातून कापला जातो त्यांच्यासाठी कारखाना बंद पडल्यास किंवा कामगारकपात झाल्यास भत्ता देणारी एक योजना २००५ पासून आणि दुसरी २०१८ पासून झाली. दुसरीत आरंभी सरासरी रोजाच्या पाव हिस्सा ९० दिवसांपर्यंत मिळे. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात तो निम्मा करण्यात आला, आणि मालकाच्या हातून न जाता कामगाराने स्वतः शाखा कार्यालयात दावा द्यावा अशीही मुभा मिळाली. आमच्या आळीतील एक गृहस्थ उद्यमबागेतील एका ओतशाळेत अठरा वर्षे होते. त्या वर्षी काम थांबले तेव्हा हिशेब देताना त्यांच्यापुढे एक छापील कागद ठेवण्यात आला: ‘मी स्वखुषीने काम सोडीत आहे.’ सही केली असती तर हिशेब त्याच दिवशी मिळाला असता. परंतु स्वखुषीने काम सोडणाऱ्यास हा भत्ता नाही. त्यांनी ‘स्वखुषीने’ वर काट मारून ‘काम बंद झाल्यामुळे’ असे लिहिले, आणि त्यापायी हिशेबासाठी महिनाभर खेपा घातल्या. भत्ता मिळाला. रक्कम मोठी नव्हती, पण त्या कागदाची प्रत ते अजून जपून आहेत. ज्या घरांत कोणी कारखान्यात आहे त्यांनी हा एक शब्द ध्यानात ठेवावा एवढ्यासाठीच हे लिहिले.

आणि एक मुलगा आहे; त्याच्याविषयी काय म्हणावे ते आम्हांस अजून समजलेले नाही. तो ठेकेदाराच्या मार्फत शिनोळीस जातो. महिन्यातले कधी वीस दिवस काम, कधी आठ, कधी मुळीच नाही. रोजगार पलीकडच्या राज्यात आणि शिधापत्रिका अलीकडच्या. त्याच्याबरोबरीच्या काहींनी अर्ज भरले. त्याने भरला नाही. ‘ज्या महिन्यात आठ दिवस भरले त्या महिन्यात मी काय लिहू?’ असे त्याने आम्हांस विचारले. खोटी माहिती दिल्यास कारवाई होते हे आम्ही त्याला सांगितले. ते त्याला माहीतच होते; त्याने विचारले होते ते निराळे.

पुतणीला पैसे मिळू लागले. त्यासाठी आरंभीच्या काळात दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत ‘मला अद्याप नोकरी नाही व मी शिकत नाही’ असे स्वतः जाहीर करावे लागे. नाही केले तर पैसे थांबत. मजकूर कन्नडमध्ये. ती तो वाचीत असे आणि आजी दर खेपेस विचारीत, ‘काय लिहिलंय गे त्यात?’ ती मराठीतून सांगे. चार-सहा महिन्यांनंतर आजींनी विचारणे सोडले. तीन हजारांतले हजार घरात, पाचशे बसभाड्याला आणि उरलेले ती बाजूला टाकी. शिकवणी चालूच होती. चाराची सात पोरे झाली होती.

पुढे तिने बी.एड.ला प्रवेश घेतला. साठवलेले पैसे फीच्या पहिल्या हप्त्यास गेले. शिकू लागले की भत्ता बंद, हे ठाऊकच होते. दोन वर्षांतले कितीतरी महिने शिल्लक होते आणि कॉलेजात जात असूनही जाहीर करीत राहणारी मुले तिने पाहिली होती. तिने त्या महिन्यात काही भरलेच नाही. कोणास सांगितलेही नाही. पुढल्या महिन्याच्या मध्यास बंधू ओसरीवर रताळ्यांची पोती शिवत बसले होते. दाभण खाली न ठेवताच त्यांनी आत हाक मारली, ‘या महिन्याचे आले नाहीत काय गे?’

‘नाही बाबा,’ ती आतून म्हणाली, ‘मी शिकायलोय आता.’

बंधूंनी दोरा दातांनी तोडला आणि दुसरे पोते ओढले.