‘र’ कुठे गळतो

जाहिरातींना आवाज देणाऱ्या कलाकारांना मी अमेरिकेतल्या प्रादेशिक बोली शिकवते. स्टुडिओकडून येणारी मागणी बहुतेक वेळा एकाच साच्याची असते: ‘दक्षिणेकडचा आवाज हवा, प्रेमळ, पण फार जाड नको.’ मुलूख कोणता, ते कुणी लिहीत नाही. आणि ‘दक्षिण’ नावाची एकच एक बोली तर अस्तित्वातच नाही. ‘टाइम’चा ‘टाऽम’ तिकडे जवळपास सगळीकडे होतो. ‘राइट’चा ‘राऽट’ मात्र ॲपलाचियाच्या डोंगरात आणि टेक्सासात होतो; सखल भागातल्या जुन्या बोलीत ‘राइट’मधला ‘आइ’ शाबूत राहतो. जाणत्या कानाला एवढा एक स्वर पुरतो.

‘र’ची गत याहून वाईट. जाहिरातीतला पांढऱ्या सुटातला दक्षिणी सद्गृहस्थ ‘र’ गिळून बोलतो. ती जुन्या मळेवाल्यांच्या पट्ट्यातली ढब. आजच्या दक्षिणेत बहुतेकांचा ‘र’ स्वच्छ ऐकू येतो आणि केंटकीच्या डोंगराळ भागात तो कधी गळलाच नव्हता. तसाच पांढरा सूट घालणारे केंटकी फ्राइड चिकनचे संस्थापक कर्नल सँडर्स जन्मले इंडियानात, हेन्रीव्हिलला. धंदा उभा केला केंटकीतल्या कॉर्बिनला. २०१५ पासून कंपनीने त्यांच्या वेषात एकामागून एक नट आणले. त्यांत कॅनडातल्या क्वेबेक शहरात जन्मलेला नॉर्म मॅक्डोनाल्डही होता. सूट चढवला की बोलीही चढते, अशी ही समजूत आहे, आणि ती मला मान्य नाही. कोंबडी विकायला हा आवाज चालतो. बँकेच्या किंवा औषधाच्या जाहिरातीसाठी तो माझ्याकडे आजवर कुणी मागितलेला नाही. केंटकीहून आलेली मुलं माझ्याकडे स्वतःचे स्वर पुसायला येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ह्युंदाईने २०२०च्या सुपर बोलसाठी केलेली जाहिरात मी प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवते. गाडी स्वतःच पार्क होते, एवढाच विषय, आणि सगळा संवाद बॉस्टनच्या बोलीत. ख्रिस एव्हान्स सडबरीत वाढलेला, जॉन क्रॅसिन्स्की न्यूटनचा, रेचल ड्रॅच लेक्सिंग्टनची, तिघंही मॅसॅच्युसेट्सचीच. ‘स्मार्ट पार्क’ म्हणताना ती ‘र’ सोडतात, पण खरी मेख स्वरात आहे. शिकाऊ माणूस ‘र’ काढून ‘पॉऽक’ म्हणतो, आणि तिथेच न्यूयॉर्क होतं. बॉस्टनचा ‘आ’ तोंडात पुढे, ओठ गोल न करता निघतो. शिवाय तिथे गाळलेला ‘र’ भलत्या जागी परत येतो: ‘आयडिया इज’चं ‘आयडियर इज’ होतं. या जाहिरातीत अतिशयोक्ती आहे, मान्य. पण ती घरच्यांनी केलेली आहे, म्हणून तीत तुच्छता नाही.

उच्चारांच्याही आधी मी गती शिकवते. मोटेल सिक्स या मोटेलांच्या साखळीच्या रेडिओ जाहिराती १९८६पासून टॉम बोडेटच्या आवाजात आल्या. तेव्हा तो अलास्कातल्या होमर गावी राहत होता, वाढलेला मिशिगनचा. त्याच्या बोलण्यात ठसठशीत असा प्रांत ओळखू येत नाही. ऐकू येते ती घाई नसलेल्या माणसाची लय. ‘तुमच्यासाठी दिवा लावून ठेवू’ हे त्याचं गाजलेलं वाक्य संहितेत नव्हतं, शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा तो ते आपणहून बोलला. कॅसेट विकत घेऊन ‘सदर्न’ शिकलेल्या कलाकारांना ही लय समजावणं सर्वांत अवघड जातं. ते स्वर ताणतात, पण थांबत नाहीत.

अमेरिकेत जाहिरातीच्या धंद्यात आता बरीच मराठी मुलं-मुली आहेत. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे: आवाज मागवताना ‘दक्षिणेकडचा’ असं लिहू नका, गावाचं किंवा निदान प्रांताचं नाव लिहा, आणि जमेल तेव्हा तिथलाच माणूस माइकसमोर बसवा.