सुई लावली म्हणून पसरत नाही

"सुई नका लावू डॉक्टर, पसरते म्हणतात." पुसद असो की पांढरकवडा, तोंडातला चट्टा दाखवायला आलेल्या माणसाचे नातेवाईक हे हमखास म्हणतात. तपासणीचा तुकडा ज्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली जातो, तो पॅथॉलॉजिस्ट म्हणून या भीतीला मला उत्तर द्यायचे आहे.

आपल्या जिल्ह्यात तोंडाचा कर्करोग बहुतेकदा सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यातून येतो. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखालच्या पेशी जादा कोलॅजन तयार करतात, सुपारीतले तांबे त्या तंतूंची वीण घट्ट करायला हातभार लावते आणि तोंड उघडेनासे होते. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएला इजा करतात. बिघडलेल्या पेशीला रोखणारे पी-५३ जनुकच निकामी झाले, की ती पेशी विभागतच राहते.

तरीही एक पातळ पडदा शाबूत असेपर्यंत ती अस्तरातच अडकलेली असते. पुढे ती शेजारच्या पेशींना धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी करते, आकार बदलून सरकू लागते आणि पडदा विरघळवणारी विकरे कामाला लावते. पडद्याखाली लसीकावाहिन्या असतात. त्यांतून ती गळ्यातल्या लसीकाग्रंथींत पोहोचते. या प्रवासाला सुईची गरज नसते, आणि तो सुरू झाल्याचे रुग्णाला कळतही नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून केलेल्या चाचणीत हे दिसले. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा, गळ्याला हात लावला तर गाठ नाही, असे हे रुग्ण. काहींच्या गळ्यातल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या. इतरांच्या, गाठ दिसल्यावर. २०१५ साली निष्कर्ष आले: तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हाताला काही लागत नव्हते, तेव्हाही अनेकांच्या ग्रंथींत रोग पोहोचलेला होता.

निसटलेली प्रत्येक पेशी मात्र रुजत नाही. बहुतेक रक्तातच मरतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्येच मांडले होते, की बी कुठेही पडले तरी उगवते मानवेल त्याच जमिनीत. कापूस पेरणाऱ्या जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

मग शस्त्रक्रियेचा काहीच संबंध नाही का? थोडा असू शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी होऊ शकणारा प्रसार रोखता येतो का, हे तपासण्यासाठी टाटाचेच डॉ. राजेंद्र बडवे यांनी स्तनाच्या कर्करोगात, गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्याभोवती भूल देणारे लिग्नोकेन टोचून पाहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. पण याचा अर्थ शस्त्रक्रिया टाळा असा नाही, ती आणखी सुरक्षित करता येते असा आहे.

माझ्या अहवालात गाठ किती खोल गेली, हे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. पाच आणि दहा मिलिमीटर या खुणा ओलांडल्या, की रोगाची पायरी चढते. तीन आठवड्यांत न भरलेल्या चट्ट्याचा तुकडा वेळेत काढू दिला, तर हा आकडा लहान राहण्याची शक्यता मोठी असते. भीतीपोटी गेलेल्या महिन्यांत तो वाढतो.