इत्यादी

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा आणि दुसरा ठेवणाऱ्यांचा. आमच्या घरी पहिल्या पक्षाचे नेतृत्व सौभाग्यवतींकडे आहे, आणि दुसऱ्या पक्षात मी एकटाच. या एकाकी लढ्यात मला एक साथीदार मिळाला आहे. तो माणूस नसून संगणकाची प्रणाली आहे, हे ऐकून आपल्याला हसू येईल.

आमच्या शाळेतील संगणक लिनक्सवर चालतात. त्यातही डेबियन घराण्याच्या. १९९३ साली इयन मर्डॉक या तरुणाने ते घराणे सुरू केले आणि प्रेयसी डेब्रा हिच्या नावाला स्वतःचे नाव जोडून त्याचे बारसे केले. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेची ‘बॉस’ प्रणालीही याच घराण्यातली. येथे प्रत्येक कामाचे सामान पॅकेजच्या गाठोड्यातून येते, आणि ते काम कसे करावे हे सांगणाऱ्या फायली ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात राहतात. ‘ईटीसी’ म्हणजे आपले ‘इत्यादी’! माणसाप्रमाणे यंत्राचाही खरा संसार या इत्यादीतच असतो. यंत्र सांभाळणारा गरजेप्रमाणे तेथे एखादी ओळ बदलतो, एखादी फाईल नव्याने लिहितो.

मग एके दिवशी पॅकेजची नवी आवृत्ती येते. तिने हे हस्ताक्षर पुसावे काय? माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून मी वाचकाच्या घरी शिरून त्याने समासात लिहिलेले शेरे खोडू लागलो, तर तो मला जिन्यावरून खाली ढकलील, आणि ते योग्यच होईल.

डेबियनला हा विवेक आहे. मूळ फाईल आपणही बदलली आणि नव्या आवृत्तीनेही बदलली, तर तो थांबून विचारतो : तुमची ठेवू की नवी घेऊ? हवे तर दोहोंतला फरक दाखवतो. उत्तर न देता नुसती कळ दाबली, तर आपलीच राहते. आपण एखादी फाईल मुद्दाम काढून टाकली असेल, तर तीही आपली इच्छा मानून तो ती परस्पर परत आणत नाही. आरपीएम नावाच्या दुसऱ्या घराण्यात विचारण्याची रीत नाही. तेथे बहुधा जुनी जागेवर ठेवून नवी शेजारी मांडतात.

खरा पेच पॅकेज कायमचे काढताना पडतो. बिऱ्हाडकरूने जाताना आपले चंबूगबाळे न्यावे, स्वतः ठोकलेल्या खुंट्याही उपटाव्यात. पण घरमालकाने टांगलेली तसबीर? डेबियनचा कारभारी परक्या फायली असलेला कप्पा तसाच ठेवतो आणि ‘रिकामा नाही, म्हणून काढला नाही’ असे कळवतो. एखाद्या पॅकेजची उतावीळ आवरासावर मात्र सगळा कप्पाच झाडून नेऊ शकते. राहिलेली फाईल पुढे अडगळ होते, क्वचित तिच्यात एखादा जुना परवलीचा शब्दही उघडा पडून राहतो, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय एकच : मालकाला सांगावे आणि टाकण्याचे काम त्याच्यावर सोपवावे.

एवढा आग्रह एका फायलीसाठी का? आमच्या संगणकखोलीची व्यवस्था पूर्वी ज्या शिक्षकांकडे होती, ते निवृत्त झाले. त्यांनी लिहिलेल्या एका फायलीत, बॅटरी किती उतरल्यावर यंत्राने आपण होऊन बंद व्हावे, याचा आकडा आहे. त्याच्यावर, यंत्र वाचत नाही अशा टिपेच्या ओळीत, त्यांनी लिहिले आहे : ‘पावसाळ्यात वीज वारंवार जाते. आकडा कमी करू नये.’ त्या एका ओळीमागे त्यांचे कितीतरी आषाढ-श्रावण असतील. दूरदेशी बसून पॅकेज बांधणारा माणूस मोठा हुशार असतो, सद्‌हेतूचाही असतो. पण कोल्हापूरचा पाऊस त्याने पाहिलेला नसतो.