भीतीवरचा माझा विश्वास

इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना सरकारी कार्यक्रमातून नव्या सुया मोफत मिळतात, हे कळलं तेव्हा मी संतापलो होतो. मी पुण्याचा. १९८६ साली इथे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हापासून व्यसनमुक्ती म्हणजे नशा कायमची सोडणं, एवढंच मला ठाऊक. सुई देणं म्हणजे व्यसनाला हातभार, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे.

पहिला तडा मणिपूरबद्दल वाचताना गेला. १९८९च्या उत्तरार्धापर्यंत तिथे इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही जवळपास नव्हता. काही महिन्यांतच त्यांच्यातल्या निम्म्या जणांना लागण झालेली आढळली. सुई जवळ सापडली तर पोलीस धरतील, या धास्तीने एकच सुई अनेकांत फिरायची. नशा थांबली नाही. विषाणू मात्र पुढे त्यांच्या बायकांपर्यंत पोहोचला, ज्यांनी कधी नशा केलीच नव्हती.

तरी मी हटून होतो. मुंबईत सुया वाटण्याच्या कामातल्या एका कार्यकर्त्याशी वाद घालताना म्हणालो, "सुई नाही मिळाली, तर आजाराच्या भीतीने तरी सोडतील."

त्याने विचारलं, "आणि नाही सोडली तर? होऊ दे एचआयव्ही, असंच ना?"

मला उत्तर देता येईना. 'नाही' म्हणावं, तर माझा सगळा युक्तिवाद कोसळत होता. कारण ती भीती खरी वाटायला कुणाला तरी आजार व्हावाच लागणार होता. कुणाला, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. ज्याला मी नीती म्हणत होतो, ती दुसऱ्याच्या जिवावरची नीती होती. आजाराचा मी शिक्षा म्हणून स्वीकार केला होता. याची मला आजही लाज वाटते.

सुया देणाऱ्या केंद्रात नुसती सुई दिली जात नाही; ती घ्यायला आलेल्या माणसाच्या हातावरची चिघळलेली जखमही बघितली जाते, तपासणीचं सांगितलं जातं. हिपॅटायटिस सीचं औषध २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतं. ज्याची तयारी असेल, त्याला हेरॉईनऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज जिभेखाली दिली जाते. सुया आणि गोळ्या देण्याचं हे काम गुन्हा नाही, हे २०१७च्या एचआयव्ही कायद्याने मान्य केलं आहे. हेरॉईनच्या ओव्हरडोसने श्वास मंदावला, तर वेळेत दिलेलं नॅलोक्सोन तो काही मिनिटांत पूर्ववत करू शकतं. नशा करणाऱ्यांच्या मित्रांकडे आणि घरच्यांकडेही ते असावं, असं आता मीच सांगतो.

व्यसन सुटावं, असं मला आजही वाटतं. पण ते सुटेपर्यंतचे दिवसही त्या माणसाच्याच आयुष्याचे असतात. त्या दिवसांत तो जगावा, यासाठी मी आता त्याची लायकी विचारणार नाही.