परीक्षेआधीची दहा मिनिटं

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एटीएमसमोर तुम्ही कधी नीट बघितलं आहे का? पिन पाठ असतो. घरातून निघताना दोनदा मनात म्हणून झालेला असतो. मशीनसमोर एक आकडा चुकीचा दाबला जातो, मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरतो, आणि तो पाठ असलेला पिन डोक्यातून जो निघून जातो तो घरी पोचेपर्यंत परत येत नाही. बाहेर येऊन आजोबा म्हणतात, "डोस्कं चालंना झालंय आता." हेच विशीतल्या पोराच्या बाबतीत घडलं तर ते म्हणतं, "मशीनच बेकार आहे," पुन्हा पिन टाकतं आणि पैसे घेऊन जातं.

चूक दोघांची एकच. पण आजोबांच्या पुढच्या पाच मिनिटांवर तिचा परिणाम होतो, पोराच्या होत नाही. आजचा लेख याच गोष्टीवर आहे, कारण या पाच मिनिटांपायी काही जणांना घरच्यांकडून "विसराळू" हा शिक्का बसतो आणि तो पुसणं अवघड जातं.

अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या लिसा जेरासी आणि टायलर मिलर या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन्ही वयांची माणसं घेतली. स्मरणशक्तीची परीक्षा घेण्याआधी काहींना डोकं चालवायचं एक काम दिलं, जे त्यांना जमेल असं होतं. काहींना दिलेलं काम पुरं होऊच शकणार नाही असं होतं. काहींना काहीच दिलं नाही. मग सगळ्यांची आठवणीची परीक्षा घेतली. आधीचं काम ज्यांना जमलं होतं त्या ज्येष्ठांना, ज्यांना जमलं नव्हतं त्यांच्यापेक्षा जास्त आठवलं. तरुणांच्या आठवणीत मात्र आधीच्या यशाने किंवा अपयशाने फरक पडला नाही.

असं का व्हावं? वय वाढलं की विसरायला होतं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे ज्येष्ठ माणूस परीक्षेला बसतो तेव्हा एक धास्ती आधीच सोबत असते. एखादी गोष्ट अडली की त्या धास्तीला पुरावा मिळतो. मग डोक्याचा एक भाग "मला हे जमत नाहीये" या विचारातच गुंततो. त्या क्षणी चार आकडे किंवा तीन शब्द डोक्यात धरून ठेवायला जी जागा लागते, ती मुळात लहानच असते. काळजीने ती अडवली की शब्दांना जागा उरत नाही. तरुणाच्या मनात अशी धास्तीच नसते, त्यामुळे अपयशाला चिकटायला काही सापडत नाही. आपल्या कोल्हापूरच्या तालमीत बघा. पोरगं कुस्ती हरलं तरी दुसऱ्या दिवशी पहाटे लाल माती अंगाला लावून हजर. पण वय झालेल्या पैलवानाला थट्टेतसुद्धा कुणी आसमान दाखवलं, तर तो पुन्हा हौद्यात उतरायला दहा वेळा विचार करतो.

आता दवाखान्यातलं सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पेठेतल्या एक बाई, वय बहात्तर, मुलाबरोबर आल्या. मुलगा खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाला, "आईला अल्झायमर झालाय का बघा, काही लक्षात राहत नाही." त्या गप्प. तासभर बाहेर बसलेल्या, चष्मा घरी राहिलेला, नोंदणीच्या काउंटरवर जन्मसाल विचारल्यावर गडबडलेल्या. म्हणजे माझ्यासमोर येण्याआधीच त्यांचा एक पेपर बिघडला होता.

अशा वेळी मी लगेच तपासणी सुरू करत नाही. मुलाला चष्मा आणायला घरी पाठवलं, बाईंचं ब्लड प्रेशर बघितलं आणि विचारलं, यंदा चटणी किती केली? कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्या वाचकांसाठी. बाईंनी मिरची कुठून घेतली इथपासून कांदा किती वाळवायचा, कुठला जिन्नस आधी भाजायचा, डंकावर कुणाला पाठवलं, इथपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. मध्ये एकदा मलाच दुरुस्त केलं. चष्मा आला, मग तपासणी. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारणं, घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे दाखवणं, ही नेहमीची छोटी चाचणी. तिन्ही शब्द आले. घड्याळही बरोबर.

परीक्षा सोपी करायची नाही, हे लक्षात घ्या. ती तशीच ठेवायची, फक्त तिच्या आधीची दहा मिनिटं बदलायची. आणि ही दहा मिनिटं म्हणजे खोटं कौतुक नव्हे. "छान छान, तुमचं डोकं तर एकदम तल्लख" असं म्हटलं तर सत्तरीतल्या माणसाला ते बरोबर कळतं आणि ती आणखी बुजतात. काम खरं असावं लागतं आणि ते खरंच जमावं लागतं.

तरी या बाई विसरत होत्या, मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. रक्त तपासलं तर बी-१२ कमी निघालं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन त्या अनेक वर्षं घेत होत्या, आणि या गोळीने काहींचं बी-१२ कमी होतं. थायरॉइड, सोडियम कमी होणं, झोपेच्या गोळ्या, नैराश्य, कमी ऐकू येणं, या सगळ्यांनी स्मरण मंदावतं आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहेत. कानाचं तर मी मुद्दाम सांगतो. जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं?

आता दुसरी बाजू. भारतातल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं आहे. हा आजार खरा आहे आणि आधी गप्पा मारून तो बरा होत नाही. एकच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारणं, रोजच्या महाद्वार रोडवरून घरी येताना वाट चुकणं, आयुष्यभर केलेल्या स्वयंपाकातले टप्पे विसरणं, पैशांच्या व्यवहारात नव्याने गोंधळ, स्वभावात बदल, यातलं काही असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दोन-चार दिवसांत अचानक असंबद्ध बोलणं सुरू झालं तर त्याच दिवशी. त्यामागे जंतुसंसर्ग, साखर कमी होणं किंवा मेंदूला मार असू शकतो.

स्मरणशक्तीच्या तपासणीला नेणार असाल तर चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर घ्या, सकाळची वेळ घ्या, उपाशी नेऊ नका. वाटेत "काल काय जेवलास सांग" अशी उजळणी घेऊ नका. तपासणी चालू असताना मुलांनी मधे उत्तरं देऊ नयेत, मानही हलवू नये.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण'ने डिजिटल पद्धतीनेही देता येतो आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही. घरातली नातवंडं बहुतेक वेळा फोन हिसकावून दोन मिनिटांत काम उरकतात. त्याऐवजी आधी आबांना त्यांना येणारं काहीतरी करू द्या. गावाकडच्या भावाला फोन लावणं, नातीचा फोटो शोधून काढणं, काहीही. मग दाखल्याचं काम त्यांच्या हाताने, तुम्ही फक्त शेजारी बसा. ओटीपी आला की तुम्ही वाचून टाकू नका. त्यांना दोन-दोन आकडे करून म्हणू द्या. फोनवरून मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो कधीच सांगायचा नाही, हेही याच वेळी सांगून ठेवा. टाकेपर्यंत मुदत संपली तर दुसरा मागवता येतो.